छत्तीस चौकटी आणि एक खोली

फिल्मच्या एका रोलमध्ये छत्तीस चौकटी असतात. काही वर्षांपूर्वी, नोकरी-शिक्षणानिमित्ताने न्यूयॉर्कमध्ये राहणारे आम्ही पाच मराठी मित्रमैत्रिणी दर रविवारी जुने कॅमेरे गळ्यात अडकवून मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकत असू, तेव्हा या छत्तीसच्या आकड्याने आमच्या पाहण्याला एक शिस्त लावली होती. खर्ची पडलेली चौकट परत मिळत नाही, आणि तिच्यात काय सापडले ते आठ दिवस कळत नाही. एका मैत्रिणीच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून आणि टबावर फळी टाकून तीवर आम्ही एन्लार्जर मांडला होता. लाल दिव्याच्या उजेडात, डेव्हलपरच्या ट्रेमधल्या कागदावर एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा हळूहळू उमटू लागला की पाचही डोकी त्यावर वाकत. आणि दर वेळी कोणीतरी विचारीत असे, "हा कोण? याला विचारले होतेस का?"

बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच असे. रस्त्यावरच्या छायाचित्रणाची गंमतच मुळी न विचारण्यात आहे, असा युक्तिवाद आमच्यातले काही जण करीत. विचारल्यावर माणूस छायाचित्रासाठी उभा राहतो, तो स्वतःचा राहत नाही. ते खरेही होते. पण प्रश्न मिटत नसे. त्याच शहरात, सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी, आमच्याच वयाच्या मित्रांच्या एका गटाने हाच प्रश्न अंगावर घेतला होता आणि त्याची फार मोठी किंमत मोजली होती, हे आम्हांला पुढे वाचनातून कळले. प्रस्तुत लेख त्या गटाविषयी, म्हणजे न्यूयॉर्कच्या फोटो लीगविषयी आहे.

रस्त्यावर छायाचित्रे काढणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकटा भटक्या येतो. या प्रतिमेला साहित्याचाही हातभार लागलेला आहे. बोदलेरने १८६३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात गर्दीत रमणारा, सर्वांना पाहणारा आणि स्वतः कोणाच्या नजरेत न भरणारा जो शहरी पांथस्थ उभा केला, त्याच्याच हाती पुढे समीक्षकांनी कॅमेरा दिला. फिल्मच्या काळाचा इतिहास मात्र या प्रतिमेला पुरता दुजोरा देत नाही. चित्र टिपणे हे काम एकट्याचे असेल; ते चित्र डोळ्यांना दिसावे यासाठी फिल्मच्या काळात एक खोली लागत असे, आणि ती खोली सहसा एकट्याला परवडत नसे.

याचे तांत्रिक कारण साधे आहे. १९२५मध्ये लायप्झिगच्या जत्रेत लायका हा लहानसा कॅमेरा बाजारात आला. चित्रपटाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म त्यात वापरता येत होती, त्यामुळे तिकाटण्याशिवाय, कोटाच्या खिशातून काढून चटकन चित्र घेणे शक्य झाले. १९३४मध्ये कोडॅकने हीच फिल्म दिवसाउजेडी कॅमेऱ्यात भरता येईल अशा तयार डबीत विकायला काढली. कॅमेरा असा हलका झाला, परंतु त्यानंतरचे काम हलके झाले नाही. मिट्ट काळोखात फिल्म टाकीत गुंडाळणे, तिला डेव्हलपर आणि हायपोचे स्नान घालणे, धुणे, वाळवणे, काँटॅक्ट शीट काढणे, मग एन्लार्जरखाली एकेक कागद उजेडायचा. त्यासाठी वाहते पाणी हवे, रसायने हवीत, आणि कोणी दार उघडणार नाही अशी जागा हवी. मंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत आईबाप-भावंडांसह राहणाऱ्या, बहुधा बेकार अशा पोरांना हे सारे कुठून मिळणार? त्यांनी ते वर्गणी काढून मिळवले.

या गटाचे मूळ १९३०मध्ये स्थापन झालेल्या कामगारांच्या 'फिल्म अँड फोटो लीग'मध्ये होते. मोर्चे, संप आणि बेकारांच्या रांगा यांची दृश्ये टिपून ती डाव्या वृत्तपत्रांना आणि सभांना पुरवणे हे तिचे काम. १९३६मध्ये चित्रपटवाले आणि छायाचित्रकार वेगळे झाले, आणि छायाचित्रकारांची संस्था नुसती 'फोटो लीग' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे दोन आधारस्तंभ होते सिड ग्रॉसमन आणि सोल लिब्सॉन. दोघेही तेव्हा जेमतेम बाविशी-तेविशीत होते. सभासदांपैकी पुष्कळजण स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुले होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण त्या काळाच्या मानाने लक्षणीय होते. ईस्ट २१व्या रस्त्यावरच्या जागेत डार्करूम, वर्ग आणि प्रदर्शनाची भिंत असा सगळा संसार होता. 'फोटो नोट्स' नावाचे पत्रक निघे. पॉल स्ट्रँड आणि बेरेनिस अ‍ॅबट यांच्यासारखे नामवंत या पोरांना वडीलधाऱ्यांप्रमाणे साथ देत असत. अमेरिकेतल्या बालमजुरांची छायाचित्रे काढून त्यांच्यासाठी कायदे व्हावेत म्हणून उभे आयुष्य वेचलेला लुइस हाइन १९४०मध्ये दारिद्र्यात वारला, तेव्हा त्याचा संग्रह त्याच्या मुलाने या लीगच्याच हवाली केला.

लीगमध्ये छायाचित्र काढण्याइतकेच महत्त्व ते मांडण्याला होते. काढलेले चित्र आणून सर्वांसमोर ठेवायचे आणि त्यावर होणारी चर्चा निमूटपणे ऐकायची. ग्रॉसमन हा या वर्गांतला सर्वांत कठोर शिक्षक म्हणून प्रसिद्ध होता. विद्यार्थ्याच्या चित्रावरून तो विद्यार्थ्याच्याच आयुष्यात शिरत असे: तू तिथे का उभा होतास, त्या माणसाशी तुझे नाते काय? तिथून काही जण रडत बाहेर पडत, तर काही आयुष्यभरासाठी छायाचित्रकार होऊन बाहेर पडत. साहित्याच्या वर्गात कविता वाचून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला जो घाम फुटतो, त्याचाच हा प्रकार.

या चर्चेतून त्यांची कामाची एक पद्धत तयार झाली. सुटी चित्रे गोळा करण्याऐवजी एखादी वस्ती निवडायची, तिथे महिनोन्महिने जायचे आणि तिचा 'दस्तऐवज' करायचा. ग्रॉसमन आणि लिब्सॉन यांनी चेल्सी भागाचा असा दस्तऐवज केला. वॉल्टर रोझेनब्लम हा तर लोअर ईस्ट साइडमध्येच वाढलेला. त्याने १९३८मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिथला पिट स्ट्रीट हा एकच रस्ता निवडला. त्याच्या चित्रांत दारिद्र्य आहे, पण कीव नाही. मुली खेळतात, बायका बाकावर बसून बोलतात, आणि पाहणारा त्यांच्यातलाच आहे हे जाणवत राहते. रिबेका लेपकॉफ ही नर्तकी. १९३९च्या जागतिक प्रदर्शनात नाचून मिळालेल्या पैशांतून तिने कॅमेरा घेतला आणि आपल्याच भागातल्या रस्त्यांकडे वळली. व्हिव्हियन चेरी हीही नर्तकीच. तिने १९४७मध्ये ईस्ट हार्लेममध्ये खेळणारी मुले टिपली. मुले लिंचिंगचा खेळ खेळत होती. एकजण बळी, बाकीचे जमाव. आपल्याकडे मुले चोर-पोलीस खेळतात, तशी. जे पाहिले ते असे समोर ठेवले की शहराला आपला चेहरा दिसतो, आणि तो पाहण्याची शहराची तयारी नेहमीच असते असे नाही.

आता या कथेतल्या अवघड भागाकडे येतो. लीगचा सर्वांत गाजलेला उपक्रम म्हणजे 'हार्लेम डॉक्युमेंट'. १९३६ ते १९४०च्या दरम्यान, अ‍ॅरन सिस्किंड या शाळाशिक्षकाच्या नेतृत्वाखाली एका गटाने हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्तीचे चित्रण केले. मूळ कल्पना मायकल कार्टर या कृष्णवर्णीय लेखकाची होती आणि मजकूरही तोच लिहिणार होता. कॅमेरे मात्र सारे गोऱ्यांच्या हातांत होते. हेतू स्वच्छ होता. घरांची दुरवस्था, भाड्याची लूट, बेकारी हे सारे जगापुढे मांडून सुधारणा घडवून आणायची होती. योजलेले पुस्तक काही तेव्हा निघाले नाही. पण १९४०च्या मे महिन्यात 'लुक' या खपाच्या नियतकालिकाने यांतली चित्रे छापली. मथळा होता 'दोन लाख चव्वेचाळीस हजार नेटिव्ह सन्स'. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' ही कादंबरी दोनच महिन्यांपूर्वी आली होती आणि गाजत होती. मथळा तिच्यावरूनच बेतला होता. कादंबरीतला एकमेव, विशिष्ट असा बिगर थॉमस या मथळ्यात अख्ख्या वस्तीएवढा झाला, आणि मासिकातल्या मांडणीत हार्लेम म्हणजे एक हलाखीची समस्या, एवढेच उरले. तिथल्या चर्चमधले गाणे, तिथले कवी, दुपारी खिडकीत बसलेल्या माणसाचा निवांतपणा यांना त्या मांडणीत जागा नव्हती. आपल्या दस्तऐवजाने हार्लेमचे चित्र एकांगी रंगवले, हे पुढे सिस्किंडने स्वतःच मान्य केले.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. दुसऱ्याच्या दुःखाविषयी सहानुभूतीने लिहिणे आणि आपले दुःख आपण सांगणे यांतले अंतर दलित साहित्याच्या चर्चेने आपल्याला शिकवलेले आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे अंतर अधिकच जाचक ठरते. लेखक पात्राचे नाव बदलू शकतो. छायाचित्रात चेहरा त्याच माणसाचा राहतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लीगवरच नजर ठेवली जाऊ लागली होती, हे सभासदांना कळले ते फार उशिरा. १९४७च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल टॉम क्लार्क यांनी देशविघातक ठरवलेल्या संघटनांची यादी प्रसिद्ध केली. तीत फोटो लीगचे नाव होते. सुनावणी झाली नव्हती, पुरावा मांडला नव्हता. काही सभासद कम्युनिस्ट पक्षात होते हे खरे; अनेक नव्हते, हेही तितकेच खरे. प्रारंभी या आरोपाने लीग खचली नाही. उलट अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारखे, राजकारणापासून दूर असलेले छायाचित्रकारही पाठीशी उभे राहिले आणि १९४८च्या अखेरीस 'ही पाहा फोटो लीग' अशा अर्थाच्या नावाचे एक मोठे प्रदर्शन भरवण्यात आले. आम्ही काय करतो ते येऊन पाहा, हे आरोपाला दिलेले छायाचित्रकारांचे उत्तर होते.

घाव बसला तो आतून. १९४९च्या एप्रिल महिन्यात कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्यांवरील खटल्यात अँजेला कॅलोमिरिस नावाची एक छायाचित्रकार सरकारतर्फे साक्षीला उभी राहिली. १९४२पासून, म्हणजे सात वर्षे, आपण एफबीआयसाठी खबरी म्हणून काम करीत होतो, असे तिने सांगितले. ती लीगमध्ये शिकलेली होती, लीगच्या मित्रमंडळींत वावरलेली होती. तिने भर न्यायालयात सिड ग्रॉसमनचे नाव घेतले: आपल्याला पक्षात आणले ते याने. पुढच्याच वर्षी या अनुभवांवर तिचे पुस्तकही निघाले.

ज्या खोलीत काळोखात एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, एकमेकांचे प्रिंट हाताळायचे, त्या खोलीत कोण कोणाला पाहत होते, ही शंका एकदा शिरल्यावर गट टिकणे शक्य नव्हते. सभासद गळू लागले. यादीवरच्या संस्थेशी संबंध असल्यामुळे काम मिळेनासे झाले. ग्रॉसमनने १९४९मध्ये लीग सोडली. तो खासगी शिकवण्या करीत राहिला आणि १९५५मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने वारला. पॉल स्ट्रँड १९५०मध्ये फ्रान्सला निघून गेला आणि तिथलाच झाला. १९५१मध्ये फोटो लीगने आपले दार कायमचे बंद केले.

चित्रांचे काय झाले? रोझली ग्वाथमी हिने छायाचित्रण सोडले आणि आपल्या निगेटिव्ह नष्ट केल्या. लीगची चिटणीस असलेल्या सोनिया हँडेलमन मेयर हिने प्रिंट खोक्यांत भरून ठेवले, संसार केला, आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्याविषयी फारसे कोणाला सांगितले नाही. २००७मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात तिची चित्रे भिंतीवर लागली, तेव्हा ती सत्याऐंशीच्या घरात होती. ती २०२२मध्ये, एकशे दोन वर्षांची होऊन गेली. हाइनचा संग्रह रोझेनब्लमने सांभाळला म्हणून वाचला आणि १९५५मध्ये रोचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयात पोहोचला. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये लीगचे मोठे प्रदर्शन झाले, तोवर तिचे बहुतेक सभासद हयात नव्हते.

लीगच्या दारावर कुलूप पडल्यावर हार्लेमची गोष्ट मात्र संपली नाही. आता ती हार्लेमच सांगू लागले. रॉय डिकरावा हा हार्लेममध्येच जन्मलेला. १९५२मध्ये त्याला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्या वर्षी त्याने आपल्या वस्तीची जी चित्रे काढली, त्यांना प्रकाशक मिळेना. तेव्हा तो ती घेऊन कवी लँग्स्टन ह्यूझकडे गेला. ह्यूझने ती पाहून मेरी ब्रॅडली नावाची एक काल्पनिक आजी निर्माण केली आणि तिच्या तोंडून नातवंडांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. 'द स्वीट फ्लायपेपर ऑफ लाइफ' हे खिशात मावणारे पुस्तक १९५५मध्ये निघाले. त्यात कोणी समस्या म्हणून येत नाही, प्रत्येकजण कुणाचा तरी कोणीतरी म्हणून येतो. डिकरावा फ्लॅश वापरीत नसे. जिथे जेवढा उजेड असेल तेवढ्यातच तो चित्र घेई, त्यामुळे त्याचे प्रिंट गडद असतात आणि त्यातले चेहरे पाहायला आपल्याला थांबावे लागते.

१९६३मध्ये कृष्णवर्णीय छायाचित्रकारांचे दोन छोटे गट एकत्र आले आणि त्यांनी 'कमोइंगे' ही कार्यशाळा सुरू केली. डिकरावा तिचा पहिला संचालक. हा शब्द केनियातल्या गिकुयू भाषेतला, अर्थ 'मिळून काम करणारी माणसे'. तो त्यांना जोमो केन्याटांच्या पुस्तकात सापडला होता. लुइस ड्रेपर, अल्बर्ट फेनार, शॉन वॉकर ही मंडळी रविवारी एकमेकांच्या घरी जमत, चित्रे समोर मांडत आणि एकमेकांना सोलून काढत. लीगप्रमाणेच हाही मित्रांचा गट, हाही काटेकोर. फरक एवढाच की चित्रातली माणसे आणि चित्रावर बोलणारी माणसे आता एकाच वस्तीतली होती. १९६९मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरवले आणि त्यात हार्लेमच्या चित्रकार-शिल्पकारांनाच वगळले, तेव्हा निदर्शने करणाऱ्यांत डिकरावाही होता. १९७३मध्ये या मंडळींच्या पुढाकाराने 'ब्लॅक फोटोग्राफर्स अ‍ॅन्युअल' निघू लागले. त्याच्या पहिल्या अंकाची प्रस्तावना टोनी मॉरिसनची आहे.

हा सारा इतिहास वाचताना आम्हांला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. खबरी आणि रस्त्यावरचा छायाचित्रकार यांच्या कामांत वरवर पाहता फारसा फरक नाही. दोघेही न सांगता पाहतात. दोघेही टिपून ठेवतात. दोघांनाही आपण लक्षात येऊ नये असे वाटते. मग फरक कुठे आहे? आमच्या मते तो पाहण्यात नसून पाहिल्यानंतरच्या वागण्यात आहे. खबऱ्याने पाहिलेले बंद फायलीत जाते. ज्याला पाहिले त्याला ते दिसत नाही, आणि त्यावर त्याला काही बोलताही येत नाही. छायाचित्रकाराला मात्र आपले पाहणे उजेडात आणून ठेवावे लागते, आणि 'तू तिथे का उभा होतास' या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. लीगने ही जबाबदारी मित्रांपुरती नेकीने निभावली. हार्लेमच्या बाबतीत ती अपुरी पडली, कारण त्या टेबलाभोवती हार्लेम बसलेले नव्हते. डिकरावा आणि कमोइंगे यांनी ते टेबलच हार्लेममध्ये नेले.

डिजिटल कॅमेऱ्याने डार्करूमची गरज संपवली आणि तिच्याबरोबर मित्रांचीही. आता चित्र काढता क्षणी दिसते, न आवडल्यास पुसता येते, आणि 'हा कोण?' असे विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून जुने तेच चांगले होते असा सूर आम्हांला लावायचा नाही. फिल्म महाग आहे, रसायनांचा वास कपड्यांना चिकटतो, आणि आमचे निम्म्याहून अधिक रोल वाया गेले. पण त्या न्हाणीघरातल्या प्रश्नाने आम्हांला एक सवय लावली.

एका रविवारी पिट स्ट्रीटवर, फळांच्या गाडीजवळ उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचे चित्र आमच्यातल्या एकाने न विचारता घेतले होते. प्रिंट चांगला आला. सगळ्यांनी वाखाणला. मग नेहमीचा प्रश्न निघाला. पुढच्या रविवारी आम्ही पाचही जण तो प्रिंट पाकिटात घालून त्याच जागी गेलो. ती भेटली. तिने चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "यात माझी बहीण दिसते." बहीण कुठे असते हे आम्ही विचारले नाही. तिने प्रिंट पिशवीत नीट सरळ ठेवला, वर केळी ठेवणार होती ती बाजूला केली, आणि आम्हांला विचारले, "याची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे ना?" आम्ही हो म्हणालो. "मग ती ठेवा," ती म्हणाली.